मिठागरातलं टेबल : एका तैलचित्राच्या दुरुस्तीच्या नोंदी

९ जून

चित्र आज सकाळी ठाण्यातल्या चरईतून टेम्पोने नौपाड्यात माझ्याकडे आलं. जुन्या चादरीत गुंडाळलेलं, दोन गाद्यांच्या मधे उभं. ज्या आजींचं ते आहे त्यांची मुलगी सोबत होती. मी त्यांना ताई म्हणते. त्यांची चाळ रीडेव्हलपमेंटला गेली आहे, महिनाअखेरीस खोल्या रिकाम्या करायच्या आहेत. भिंतीवरून उतरवताना खालच्या कोपऱ्यातून रंगाचे पापुद्रे सुटून जमिनीवर पडले. ताईंनी तिथे केरसुणी लावू दिली नाही. एकेक पापुद्रा पोस्टकार्डावर उचलून बडीशेपेच्या डबीत भरून आणला. मोजले तर एकतीस निघाले. अशी माणसं क्वचित भेटतात, त्यामुळे काम हातात घ्यायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत.

ताईंचे वडील जादूगार होते. तंबू, शाळांचे हॉल, गिरणगावातली मैदानं, कोकणातल्या जत्रा असा त्यांचा संसार. ते जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांनी जमवलेल्या चौदा चीजा घरात आहेत. सावंतवाडीच्या गंजिफांचा एक डाव, पिंगुळीच्या चित्रकथीची तीन पानं, पी. सी. सरकारांच्या 'इंद्रजाल'चं घडीवर फाटलेलं पोस्टर, आणि बॉशच्या 'जादूगार' या चित्राची कुठल्याशा कॅलेंडरातून कापलेली छापील प्रत. तिच्यात एक माणूस वाकून पेल्यांचा खेळ बघतोय आणि मागचा त्याची थैली कापतोय. मूळ चित्र फ्रान्समधल्या सँ-जर्मँ-आँ-ले इथल्या संग्रहालयाचं, आणि तेच १९७८ मध्ये चोरीला गेलं होतं. पुढच्या वर्षी परत मिळालं. ताईंना हे माहीत होतं. बाबा प्रत्येक पाहुण्याला सांगायचे, म्हणाल्या.

तेराला हात लावायचा नाही, फक्त धूळ आणि वाळवी तपासायची. खरं काम चौदाव्याचं.

१० जून

आज फक्त बघितलं. पहिला दिवस बघण्यातच घालवावा असं मला शिकवलं गेलं आणि ते मी पाळते.

रुंदी १२२ सेंटिमीटर, उंची ९२. म्हणजे सरळ चार फूट बाय तीन फूट, पडदेवाल्यांच्या मापात. सही नाही, साल नाही. चित्रात एक मिठागर आहे, ठाण्याच्या खाडीकडेला पूर्वी नजर पोचेल तिथवर असायची तसलं. बांध, वाफे, पाणी आणि मिठाचे पांढरे ढीग रांगेने क्षितिजापर्यंत. आकाश पिस्त्याच्या रंगाचं. उजव्या हाताला भिंतच नसलेला एक दरवाजा उभा आहे, अर्धा उघडा, आणि त्याच्या आत पाणी उभं ठाकलंय, चौकटीच्या बाहेर थेंबही न सांडता. ढिगांवर रोहित पक्षी आहेत, पण त्यांच्या लांब माना जिथे संपतात तिथे चोच नाही, पांढरे हातमोजे आहेत.

आणि मधोमध तीन पायांचं टेबल. टेबलावर पालथा घातलेला काचेचा ग्लास, ग्लासात चंद्र. त्याच्या शेजारी एका तरुण बाईचं मुंडकं. मान टेबलाशी संपते. डोळे उघडे. केसांत अबोलीचा गजरा, आणि तो गजरा इतका नीट रंगवलाय की एकेक फूल सुटं मोजता येतं. मी मोजली, सव्वीस.

चेहऱ्यावर वेदना नाही, भीती नाही. काम चालू असताना माणसाचा चेहरा असतो तसा चेहरा आहे. मला पहिल्या नजरेत तेच धरून राहिलं.

१३ जून

चित्र पालथं केलं. मागे कुणा फ्रेमवाल्याने पूर्वी एका फाटीवर रबराच्या सोल्यूशनने सायकलच्या पंक्चरसारखा ठिगळ मारून ठेवलाय. त्याच्या चारी कडा पुढून उठून दिसतात. तो ठिगळ गरम हवेने मऊ करून, चिमट्याने, कडेकडेने सोडवला. पावणेतीन तास गेले.

ठिगळाखाली जे दिसलं त्याने दिवस सार्थकी लागला. हा दुकानातला कॅनव्हास नाहीच. हा मांजरपाट आहे, मधे उभी शिवण असलेला, आणि मागच्या बाजूला निळ्या डिस्टेंपरचे फराटे. म्हणजे रंगमंचाच्या पडद्याचा कापलेला तुकडा. पडद्याच्या पाठीवर चित्र काढलंय.

त्यावरून चित्रकार कोण असेल याचा अंदाज येतो. नावाचा नव्हे, जातकुळीचा. आपल्याकडे पडदे रंगवणाऱ्यांची मोठी परंपरा होती. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटरांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवूनच हात तयार केला आणि तिथून ते सिनेमाकडे गेले. पडदेवाल्याला लांबून खरं वाटेल असं काढता येतं. हा माणूस त्याच सवयीचा, पण जवळून बघणाऱ्यासाठीही जागून काम केलेला.

दुरुस्तीच्या दृष्टीने मात्र ही वाईट बातमी. अस्तर, म्हणजे रंगाखालचा थर, पडदेवाल्यांच्या पद्धतीचं आहे, खडूची पूड आणि सरस. सरस पाण्याला भुलतो. हवेतला दमटपणा ८० टक्क्यांच्या वर गेला की त्याचा जोर जातो, सुती कापड त्याच वेळी ताणतं-आवळतं, आणि वरचा तैलरंग त्यांच्या मागे फरपटत जाऊन तडकतो. चरईच्या त्या भिंतीवर चित्राने किती पावसाळे काढलेत! पापुद्रे पडले याचं नवल नाही, एवढेच पडले याचं आहे.

चौकटीला कापड ताणायच्या पाचरी नाहीत, कापड गंजक्या खिळ्यांनी ठोकलंय. नवी चौकट सुताराला सांगितली.

१७ जून

खोली बंद करून अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली बघितलं. मिठाचे ढीग हिरवट-पिवळे झगझगले, म्हणजे झिंक व्हाइट. बाकी चित्रावर जुन्या राळेच्या व्हार्निशचा दुधाळ हिरवा तवंग. फक्त टेबलाखालचा एक चौकोनी भाग मेल्यासारखा काळा राहिला. तिथे व्हार्निश नाही, आणि जे आहे ते बाकीच्या रंगांच्या नात्यातलं नाही. नोंद करून ठेवली.

मग सफाईच्या चाचण्या. डाव्या वरच्या कोपऱ्यात एक सेंटिमीटरचे पाच चौकोन. साधं पाणी द्यायचं नाही हे परवाच ठरलं होतं. कापसाच्या बोळ्याला थुंकी लावून बघितली. हसण्यासारखं वाटेल, पण लाळेत विकरं, म्हणजे एन्झाइम, असतात, ती कोमट असते, ओलावा बेताचा, आणि जगभरच्या प्रयोगशाळांत हे करतात. बोळा तपकिरी झाला. देवघरातला धूर, स्टोव्हची काजळी, विडीचा धूर, सगळं एकात एक मुरलेलं.

एवढं मोठं चित्र थुंकीने पुसता येत नाही. म्हणून आगर घेतलं, घरोघरी चायना ग्रास म्हणतात तेच. त्याची घट्ट जेली करायची, थंड झाल्यावर पातळ चकत्या कापायच्या आणि चित्रावर दोन-तीन मिनिटं ठेवायच्या. जेली पाणी धरून ठेवते, वरच्या मळाला पुरेल एवढंच सोडते, अस्तरापर्यंत जाऊ देत नाही. माझ्या मदतनीस मुलीने चकती उचलली तर खाली आकाशाचा पिस्ता रंग असा काही उमलला की ती मला हाकच मारायला लागली. आम्ही दोघी बराच वेळ त्या तीन बोटांच्या तुकड्याकडे बघत राहिलो.

२० जून

पाऊस धरला. वंदना टॉकीजपाशी पाणी, रिक्षा नाही, मी चालत आले. खोलीतला दमटपणा सकाळी ८४ टक्के. डीह्युमिडिफायर दिवसभर चालवून संध्याकाळी ५८ वर आणला. त्याचं भांडं चार वेळा ओतलं. सफाई बंद.

२५ जून

उठलेले पापुद्रे बसवले. बेवा ३७१ वापरला. हा चिकटवा ६५ अंशांच्या आसपास मऊ होतो आणि पुढे कुणाला काढायचा झाला तर काढता येतो, मला दोन्ही गोष्टी हव्या होत्या. सर्वांत बारीक कुंचल्याने पापुद्र्याखाली सोडायचा, सिलिकॉनचा कागद ठेवायचा, वरून गरम उलथनं अलगद टेकवायचं. उलथनं म्हणजे कडबोळ्याएवढं पातं असलेलं विजेचं हत्यार.

डबीतल्या एकतीसपैकी सव्वीस पापुद्र्यांच्या जागा सापडल्या. त्यांतला एक हातमोज्याच्या अंगठ्याचा निघाला. उरलेल्यांतले चार मिठाचे असणार, पण सगळं मीठ सारखंच दिसतं. आणि एकतिसावा कुठलाच नाही. वरून काळा, खालून देहवर्णी. चार मिलिमीटरचा.

१ जुलै

आज त्या काळ्या भागाशी बसले.

टेबलाचा मधला पाय आणि उजवा पाय यांच्यामध्ये तो आहे. २३ सेंटिमीटर उंच, १७ रुंद. लांबून सावली वाटते. चाळीत आलेल्या प्रत्येकाने ती सावली म्हणूनच बघितली असणार. पण चित्रात उजेड डावीकडून येतो, प्रत्येक ढिगाची, दरवाजाची, ग्लासाची सावली उजवीकडे जमिनीवर पडलीय. ही सावली जमिनीवर पडतच नाही. ती पायांच्या आत उभी आहे, टेबलाच्या फळीपर्यंत, कापड लावून बंद केल्यासारखी.

कुणी म्हणेल, जिथे पक्ष्यांना हातमोजे आहेत तिथे सावलीचा हिशेब कशाला. माझं मत नेमकं उलटं आहे. आंद्रे ब्रतोंने १९२४ मध्ये अतिवास्तववादाचा जाहीरनामा काढला, तेव्हापासून या वाटेने गेलेल्यांत जे टिकले त्यांच्यातले बरेच हिशेबाला पक्के होते. चित्रकार मॅग्रितने १९४९ पासून पुन्हा पुन्हा एक देखावा रंगवला, खाली दिवा लागलेली रात्रीची गल्ली आणि वर भर दुपारचं आकाश. त्यातली गल्ली गल्लीच्या जागी अचूक आहे आणि आकाश आकाशाच्या. दिव्याचा उजेड भिंतीवर चुकीचा पडला असता तर बघणारा चरकला नसता, चूक म्हणून पुढे गेला असता. याच मॅग्रितने १९५३ मध्ये टोप्या घातलेल्या माणसांचा पाऊस काढला, त्या चित्राला नाव आपल्या गोवळकोंड्याचं आहे.

आमचा पडदेवालाही हिशेबाचा पक्का आहे. त्याने सव्वीस फुलं सुटी काढली. तो एका सावलीत चुकणार नाही. म्हणजे हा काळा हात दुसऱ्याचा.

सूक्ष्मदर्शकाखाली खात्री झाली. हा ट्यूबमधला तैलरंग नाही, पत्र्याच्या डब्यातला इनॅमल रंग आहे, पेटारे आणि खिडक्यांचे गज रंगवतात तो. वाळून कडक झालाय, भेगाळलाय. भेगांतून खाली देहवर्ण दिसतो. एकतिसावा पापुद्रा इथलाच.

३ जुलै

इन्फ्रारेडने काही मिळालं नाही. फिल्टर काढलेला कॅमेरा मागून आणला होता. पण काळ्या रंगात काजळी असली की ती इन्फ्रारेड किरणं गिळते, आणि या डब्यात काजळीच होती. पडद्यावर तो भाग तसाच काळाकुट्ट.

मग सर्वांत जुनी युक्ती. खोलीत अंधार केला आणि टॉर्च चित्राच्या कडेला जवळजवळ टेकवून आडवा उजेड मारला. खालच्या रंगाचे उंचवटे इनॅमलमधूनही वर येतात. एक वाकलेली कड, कदाचित गुडघा. त्याच्या खाली दोन लांबट आकार शेजारी शेजारी. आणि त्या आकारांच्या टोकाशी, दोन्हीकडे एकेक, अगदी बारीक गोल उंचवटा, मोहरीपेक्षा थोडा मोठा. रंगाचे खडे असतील असं समजून मी तसं लिहिलं.

६ जुलै

ताई आल्या होत्या. त्यांना फोटो दाखवले. बाबांनीच झाकलं असणार, त्या म्हणाल्या, गुपित उघडं पडायला नको म्हणून. मलाही तेच वाटलं.

गुपित असं. १८६५ साली लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये कर्नल स्टोडेअर या नावाने खेळ करणाऱ्या जादूगाराने 'स्फिंक्स' दाखवला. तीन पायांच्या टेबलावर पेटी, पेटीत मुंडकं, ते डोळे उघडतं आणि बोलतं. टेबलाखाली मोकळं दिसतंय, मग धड कुठे? कल्पना थॉमस टोबिन याची होती. मधल्या पायापासून बाजूच्या पायांपर्यंत दोन आरसे, बघणाऱ्याशी ४५ अंशांत. आरशांत बाजूचे पडदे दिसतात, ते मागच्या पडद्यासारखेच असतात, आणि माणसाला वाटतं आपण टेबलाच्या आरपार बघतोय. धड आरशांच्या मागे बसलेलं. आपल्या जत्रांतलं बोलकं मुंडकं याच घराण्यातलं. हे सगळं छापील पुस्तकांत कधीचं आलेलं आहे, म्हणून इथे लिहिताना मन खात नाही.

ताई गेल्यावर मी पुन्हा चित्रासमोर उभी राहिले आणि एकदम दिसलं. टेबलाखालच्या डाव्या फटीतून मिठागर दिसतं ना, त्यातले बांध उलटे कलतात. बाहेरचे उजवीकडे चढतात, फटीतले डावीकडे. जवळजवळ चार आठवडे मी ते बघत होते आणि चित्रकाराची लहर समजत होते. ती लहर नाही. तिथे आरसा आहे. त्याने डावा आरसा जागेवर ठेवला आणि उजवा काढून घेतला. अर्धं टेबल प्रेक्षकाच्या बाजूने आणि अर्धं आतल्या माणसाच्या बाजूने. याहून चांगली कल्पना या चित्रात दुसरी नाही, चंद्राचा ग्लाससुद्धा नाही.

आणि नेमकी तीच झाकली गेलीय.

इनॅमल काढायचं का? सोपं आहे. खालच्या रंगावर काजळी बसलेली असतानाच वरून फासलंय, त्यामुळे धरलेलंच नाही. रसायनही लागणार नाही, पात्याच्या टोकाने खपली सुटावी तसं सुटेल. मला ते काढायचं होतं, हे इथे लिहून ठेवते. हात शिवशिवत होते.

१० जुलै

आजी आल्या. पावसाची उघडीप बघून ताईंनी रिक्षाने आणलं. पंचाऐंशीच्या घरात वय, काठी, पण पाठ ताठ. खुर्ची चित्रासमोर मांडली. त्या बसल्या, चष्मा पुसला, आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. आकाशाचा मूळ रंग त्यांनी किती वर्षांनी बघितला असेल कोण जाणे.

मग म्हणाल्या, "गजरा खोटा होता हा. कागदाचा. खरा दिव्यांच्या उष्णतेने दहा मिनिटांत मान टाकायचा."

चेहरा त्यांचाच आहे हे मला तेव्हा कळलं. हनुवटी तीच आहे.

मी काळ्या भागाचं काढलं. काकांनी केलं असेल ना, असं विचारलं. आजींनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"त्यांनी कशाला? मी केलं."

ताईंनी आईकडे बघितलं. त्यांनाही माहीत नव्हतं.

"पडदे रंगवायला एक पेंटर आला होता. पावसाळाभर राहिला आमच्यात. तोच एक बाहेरचा माणूस, ज्याने मला आत बसताना बघितलं. पैसे द्यायला आमच्याकडे उशीर झाला, तरी जाताना हे चित्र देऊन गेला. ह्यांना फार आवडलं. म्हणाले, पुढच्या खोलीत लावू, कुणाला काय कळतंय. लावलं. खालच्या मजल्यावरची एक पोर यायची, सात-आठ वर्षांची. टीव्ही नव्हता तेव्हा, ती ह्या चित्रासमोर बसून राहायची. एक दिवस म्हणते, काकू, हिचे पाय खाली आहेत. मी तिच्या हातावर लाडू ठेवला. दुपारी सगळे झोपल्यावर पेटाऱ्याचा काळा रंग उरला होता तो काढला."

"आणि काका काय म्हणाले?"

"संध्याकाळी आले, बघितलं, चहा घेतला. म्हणाले, ब्रश रॉकेलात धुऊन ठेव, नाहीतर कडक होईल."

मी म्हटलं, आजी, खाली तुम्ही आहात. तुमचं काम आहे ते. लोकांना दिसायला नको का?

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझा प्रश्न परत घ्यावासा वाटला. रागाने नाही, शिकवायला बसल्यासारखं. "पोरी, न दिसणं हेच माझं काम होतं. अकरा मिनिटं पाय पोटाशी घेऊन बसायचं, खोकला आला तर गिळायचा. खेळाआधी आरसे मी पुसायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. ओल्या वर्तमानपत्राने, मग कोरड्या मलमलीने. बोटाचा एक ठसा राहिला तर तिथे काच आहे हे पहिल्या रांगेला कळतं. आरशासमोरून कुणी चाललं तर त्याचे पाय टेबलाखाली दिसतात, म्हणून मंचावर कोण कुठून फिरणार ते मी ठरवायची. बावीस वर्षांत एकदा दिसले नाही. आणि तो एका पावसाळ्यात येऊन उघडं करून जाणार?"

मग थोड्या वेळाने, चित्राकडेच बघत, "पाय मात्र छान काढले होते हो त्याने. जोडव्यांसकट."

मी उठून टॉर्च आणला. दिवा घालवून आडवा उजेड मारला आणि ते दोन बारीक उंचवटे त्यांना दाखवले, मोहरीएवढे. आजींनी वाकून बघितलं. बोट पुढे केलं, पण टेकवलं नाही. काचेवर ठसा पडू नये म्हणून ठेवतात तेवढ्या अंतरावर ते बोट थांबलं.

"हो," त्या म्हणाल्या. "तीच."

जाताना मी विचारलं, हे मी नोंदींमध्ये लिहिलं तर चालेल का. म्हणाल्या, लिही, नाव घालू नकोस. चित्र उघडू नकोस.

१४ जुलै

ठरलं. इनॅमल राहणार.

कारणं नीट लिहिते, कारण पुढे कधी हे चित्र दुसऱ्या कुणाच्या हातात जाईल आणि त्याला वाटेल की या बाईला काढता आलं नाही.

आमच्या कामात नंतरचा रंग दिसला की तो काढून मूळ दाखवायचं असा ओढा असतो. अडाणी हाताने केलेली लिंपालिंपी असेल तर मीही काढते, दर वर्षी काढते. ही तसली नाही. हा काळा चौकोन अशा माणसाने लावलाय जिला खाली काय आहे ते चित्रकाराहून जास्त माहीत होतं. तो चित्राच्या आयुष्यात घडलेला आहे, त्याची तिथी सोडून सगळी हकिगत आपल्याला माहीत आहे, आणि लावणारी समोर बसून नको म्हणते आहे. खालच्या पायांवरही पहिला हक्क तिचाच. माझा हक्क फारतर त्या पायांवर पाणी पडू न देण्याचा.

अडचण खरी आहे ती वेगळी. इनॅमल ताठ झालंय आणि दर पावसाळ्यात खपल्या सोडणार. खपलीबरोबर खालचा रंगही निघतो, एकतिसाव्या पापुद्र्याने ते दाखवलं. म्हणजे नुसतं सोडून देता येत नाही. बसवायला हवं. बसवायचं तर मधल्या काजळीसकट चिकटणार, आणि उद्या कुणाला काढायचं झालं तर आजच्याइतकं सोपं राहणार नाही. ही किंमत मी मोजते आहे आणि जाणून मोजते आहे. पूर्ण भागात चिकटवा जाऊ देणार नाही, फक्त उठलेल्या कडांना, तोही उष्णतेने परत सुटणारा बेवा. कुठे कुठे लावला त्याचा नकाशा चित्राच्या मागे पाकिटात राहील. आडव्या उजेडातले फोटोही त्यातच.

२३ जुलै

कडा बसवल्या, पाच दिवस. एकतिसावा पापुद्रा त्याच्या जागी गेला, उजव्या पायाच्या घोट्याशी. शेजारी तीळभर जागा उरली, तिथला तुकडा कधीच हरवलाय. आजींना फोन केला, येऊन तुम्हीच काळा टिंब देता का. म्हणाल्या, माझा हात कापतो आता, तूच दे, पण चकाकू देऊ नकोस. पॅरालॉइड या कृत्रिम राळेत खललेला काळा दिला, चमक मारून.

७ ऑगस्ट

नवी चौकट, पाचरी, पाठीला हवेला जागा सोडून बंद केलेला बोर्ड. कापडाच्या कडांना नव्या सुती पट्ट्या, म्हणजे ताण त्या घेतील. पुढून व्हार्निशचा एकच पातळ हात, काळा चौकोन वगळून. तिथे कधीच नव्हतं.

१४ ऑगस्ट

चित्र घरी पोचवलं. आजी आणि ताई आता पाचपाखाडीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये आहेत. बाहेरची भिंत नको, ओल धरते, म्हणून आतली, स्वयंपाकघराला पाठ असलेली भिंत धरली. मी नेहमीच्या हिशेबाने चित्राचा मध्य जमिनीपासून दीड मीटरवर घेतला, खुणा केल्या, माणसाने ड्रिल मारून हुक बसवले, चित्र चढलं.

आजी आतून आल्या. उभ्याने बघितलं. मग खुर्ची ओढून घेतली, बसल्या, डावीकडे सरकून बघितलं, उजवीकडे सरकून बघितलं. मान हलवली.

"खाली घे. दीड वीत."

मी म्हटलं, आजी, एवढं खाली घेतलं तर येणाऱ्या-जाणाऱ्याला वाकून बघावं लागेल.

"बसलेल्या माणसाच्या डोळ्यासमोर टेबल यायला हवं. आमचे लोक बसलेले असायचे."

हुक काढले, भोकं लांबीने बुजवली, नवी पाडली. मी शेजारी जमिनीवर बसून बघितलं. नवं माप मध्यापर्यंत १ मीटर २० सेंटिमीटर. काम पूर्ण.